लेकीचा घोटा दोनदा मुरगळला, दुसऱ्यांदा माझ्यामुळे

आम्ही मालवणचे, लेक नववीत, बास्केटबॉलचं भयंकर वेड. शाळेचं कोर्ट सिमेंटचं, दोन बाजूंना माड, आणि जून ते सप्टेंबर त्यावर असं शेवाळ धरतं की नुसतं चालताना पण माणूस आडवा होईल. त्यामुळे जुलैत पोरगी लंगडत घरी आली तेव्हा शेवाळावर घसरली असंच मी पंधरा दिवस सगळ्यांना सांगत होतो. खरं तसं काही नव्हतं. रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून परत आलेला चेंडू पकडायला, उडी मारली, खाली येताना दुसऱ्या मुलीच्या बुटावर पाय पडला आणि घोटा आत वळला. बास्केटबॉलमध्ये घोटा बऱ्याचदा असाच जातो हे मला नंतर कळलं.

घरात पाय टाकल्या टाकल्या माझी आई, गो बाय, काय झाला तुका, करत आंबेहळद उगाळून लेप आणि वर खोबरेल तेल लावून चोळायला बसली, जरा जोरातच. लेक ओरडते तर, गप रव, नस बसूक होयी. सकाळी घोटा फणसाएवढा. डॉक्टरांनी आधी तेल बंद करायला लावलं, पहिले दोनतीन दिवस चोळायचं आणि शेकायचं अजिबात नाही म्हणाले. मग दोन्ही बाजूच्या हाडाच्या मागच्या कडा दाबून बघितल्या आणि चार पावलं टाकायला लावली. लंगडत का होईना टाकली आणि हाडावर दुखलं नाही, म्हणून एक्सरे नको. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी वाढीची पट्टी असते, तिथे दाबून दुखलं असतं तर सोडलं नसतं, असंही सांगितलं. क्रेप बँडेज, उशीवर पाय, फडक्यात गुंडाळून बर्फ, झालं.

आठव्या दिवशी सूज उतरली. आता माझी चूक. संघाची निवड तोंडावर, पोरगी रडकुंडीला आलेली, आणि मीच म्हटलं जा गो, दुखत नाही ना, मग खेळ. बाराव्या दिवशी तोच घोटा परत गेला, आणि यावेळी जवळपास कोणी नव्हतं, नुसती ड्रिबल करताना वळली.

मग एसटीने कुडाळला फिजिओकडे. त्या मॅडमनी सूज बघायच्या आधी विचारलं, आधी कितीदा मुरगळलाय? एकदा म्हटल्यावर मान हलवली. एकदा गेलेला घोटा परत जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त, कारण लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा, ताणलं की त्यातली पाय कुठे आणि कसा टेकतोय हे मेंदूला सांगणारी यंत्रणा पण बिघडते. सूज उतरली तरी ती आपोआप सुधारत नाही. मला पटेना, तर लेकीला एका पायावर डोळे मिटून उभं केलं आणि मोबाइलचं घड्याळ माझ्या हातात दिलं. चांगल्या पायावर तीस सेकंद, दुखऱ्यावर सहा. म्हणजे आठव्या दिवशी मी हिला कोर्टावर काय म्हणून पाठवलं होतं!

पुढचं जास्त घाबरवणारं होतं. चांगल्या पायावर स्टुलावरून हळूहळू खाली उतरायला सांगून त्यांनी पुढून व्हिडिओ काढला, आणि स्लो करून दाखवला तर गुडघा प्रत्येक वेळी आतल्या बाजूला पडतोय. सूज नाही, दुखणं नाही, फक्त सवय. घोटा बरा होईल हो, मला काळजी गुडघ्याची आहे, असं त्या म्हणाल्या. उडीवरून उतरताना किंवा पळता पळता एकदम वळताना गुडघा असा आत गेला की एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं मुख्य लिगामेंट, तुटू शकतं, बऱ्याचदा कोणाचा धक्का पण लागलेला नसतो. वयात आलेल्या मुलींमध्ये हे मुलांपेक्षा कितीतरी जास्त होतं, आणि ऑपरेशन करून परत खेळायला किमान नऊ महिने. एवढं ऐकल्यावर मी निवडीचा विषय परत काढला नाही.

व्यायाम अगदी कंटाळवाणे. रबरी पट्टा पायाला लावून पाऊल बाहेर ढकलायचं, पायरीवर टाचा वरखाली करायच्या, एका पायावर अर्धी बैठक, कुशीवर प्लँक, म्हणजे एका कोपरावर अंग ताठ उचलून धरायचं. आणि सकाळ संध्याकाळ दात घासायचे ते दुखऱ्या पायावर उभं राहून. मागच्या पडवीत ही बगळ्यासारखी उभी, तोंडात ब्रश, तोल गेला की पडवीच्या खांबाला धरायची, आणि आई रोज म्हणायची ह्येका खुळ लागला. चिवला बीचवर वाळूत पळवू का विचारलं तर सुरुवातीला नको, वाळू कशीही खचते. मध्येच चतुर्थी आली. फुगडी घालू का म्हणून तिने स्वतःच मॅडमना फोन केला आणि नाही ऐकून दोन तास तोंड फुगवून बसली.

परत खेळायची परवानगी तारखेवर नव्हती, मापावर होती. खळ्यात, म्हणजे अंगणात, खडूने रेघ मारून एका पायावर लांब उडी, प्रत्येक पायाने तीनतीनदा, टेपने मोजायची. दुखऱ्या पायाची उडी चांगल्याच्या नव्वद टक्के तरी हवी आणि उतरताना गुडघा आत जाता कामा नये. पहिल्यांदा नापास, नऊ आठवड्यांनी पास.

मग शाळेच्या बास्केटबॉलच्या सरांशी बोललो. भला माणूस, पण वॉर्मअप म्हणजे कोर्टाला दोन राउंड आणि वाकून अंगठे धरणे. नुसत्या स्ट्रेचिंगने या दुखापती टळत नाहीत हे सांगायला जीभ रेटत नव्हती, आपण कोण सांगणारे. शेवटी मॅडमनी दिलेला फुटबॉलवाल्यांचा ११ प्लस नावाचा वॉर्मअप दाखवला. त्यात पळणं, ताकद, तोल, उड्या मिळून १५ व्यायाम आणि वेळ २० मिनिटं, आठवड्यातून किमान दोनदा. सर म्हणाले दीड तासातली वीस मिनिटं यातच घालवू तर शूटिंग कधी घेऊ? वाद घातला नाही, एक महिना करून बघा एवढंच म्हटलं. सरांना त्यातलं एक फार आवडलं, ते म्हणजे कान. उडी मारून उतरताना धप्प आवाज आला की गुडघे ताठ. मांजरासारखं उतरायचं, गुडघे वाकवून, कंबर मागे. आता सर पाठ करून उभे राहतात आणि आवाजावरून नाव घेऊन ओरडतात. मुलींना हा खेळच वाटतो.

कोर्टाचं काम आम्ही पालकांनी घेतलं, पाऊस उघडला की रविवारी ब्लीचिंग पावडर आणि खराटा. एका मुलाला गुडघ्याखाली टेंगूळ येऊन दुखत होतं, पोरगा उंच होताना उड्यांनी तिथलं हाड ओढलं जातं म्हणे. तो उगाच सहन करत होता, त्याच्या उड्या कमी केल्यावर उतार पडला.

उंच गळ्याच्या बुटांवर मी साडेतीन हजार घालवले होते, त्यांनी घोटा वाचतोच असं नाही हे मॅडमकडून ऐकल्यावर पोटात गोळा आला. त्यापेक्षा लेसचा ब्रेस, म्हणजे घोट्याला आवळून बांधायचा आधार, बरा म्हणाल्या, तोही व्यायाम सोडून नाही. ऑक्टोबरात ओरोसला जिल्ह्याच्या मॅचमध्ये ही परत कुणाच्या तरी पायावर उतरली. मी खुर्चीवरून उठलोच होतो, तर ती गुडघे वाकवून बसल्यासारखी झाली, उठली आणि डिफेन्सला पळाली पण. मॅच आम्ही हरलो, ते सोडा.

पावसाळ्यात ब्रेस दोन घ्या मात्र. आमच्याकडच्या हवेत एक धुतला की तीन दिवस वाळत नाही, फ्रिजच्या मागे टांगला तरी वास जात नाही.