कांदे सगळ्यांनीच चिरायचे

जानेवारी लागला, की अमेरिकेत पोकाटेलो गावातल्या आयडाहो स्टेट युनिव्हर्सिटीच्या पॉन्ड स्टुडंट युनियनमध्ये फळ्यावर एक कागद लागायचा: पेबल क्रीकला स्कीइंगला जायचंय, नावं लिहा. नावापुढे तीन रकाने. गाडीत जागा किती, जेवायला काय आणणार आणि मदत कसली लागेल. व्हीलचेअर वापरणारे गृहस्थ, डोळ्यांनी न दिसणारी मुलगी, भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी, नाशिकहून फार्मसी शिकायला गेलेली मी, सगळ्यांची नावं एकाखाली एक. मदतीचा रकाना भरताना कुणी संकोचत नसे. ‘थांबायचं कसं ते शिकवा’ असं मीही लिहिलं होतं. गावाकडे जत्रेची वाट पाहतात तशी आम्ही त्या दिवसाची वाट पाहायचो.

अपंग आणि धडधाकट अशा सगळ्यांनी मिळून डोंगर-नद्यांत जायचा हा गट. नाव लांबलचक, कोऑपरेटिव्ह वाइल्डरनेस हँडिकॅप्ड आउटडोअर ग्रुप. बोलताना सगळे नुसतं ‘हॉग’ म्हणत. टॉम व्हिटकर या ब्रिटनहून आलेल्या गिर्यारोहकाने तो १९८१ मध्ये सुरू केला. त्याआधी दोन वर्षं, १९७९ च्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, मोटार अपघातात त्यांचं एक पाऊल गेलं होतं. पुन्हा डोंगरात जायचं तर एकट्याने का, आपल्यासारखे आणखीही असतील, या विचारातून हॉग उभा राहिला. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा १९९० मध्ये आला. त्याच्या नऊ वर्षं आधी पोकाटेलोसारख्या लहान गावात ही माणसं नदीत तराफे सोडत होती, हे मला फार मोठं वाटतं.

जमीनही तयार होती. रॉन वॉटर्स यांनी वाढवलेला विद्यापीठाचा आउटडोअर प्रोग्रॅम तिथे होताच. साठच्या दशकाच्या अखेरीस ओरेगन विद्यापीठात गॅरी ग्रिम यांनी रुजवलेली सामायिक सहलीची पद्धत तिथे चालायची. पैसे घेऊन फिरवून आणणारा वाटाड्या नाही, गिऱ्हाईक नाही. पेट्रोल आणि शिधा यांचा खर्च वाटून घ्यायचा, काम वाटून घ्यायचं, निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचे. हॉगने हीच पद्धत जशीच्या तशी उचलली, आणि माझ्या मते त्याचं सगळं बळ तिथेच होतं. कमरेखाली हालचाल नाही म्हणून कुणाची वर्गणी माफ व्हायची नाही, आणि कांदेही सगळ्यांनीच चिरायचे.

कांद्यांचा कारभार आमच्याकडे एका शेतकरीण बाईंकडे होता. घरची बटाट्याची शेती, ट्रॅक्टरच्या अपघातात पाठीचा कणा दुखावलेला, वय साठीच्या आसपास. व्हीलचेअरच्या हातांवर आडवी फळी टाकून त्या भाजी चिरायला बसत आणि तिथूनच सगळ्यांना कामाला लावत. नवीन आलेल्या माणसाला ‘तुला काय झालं’ असं त्यांनी विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. ‘सुरी चालवता येते का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न.

पेबल क्रीक पोकाटेलोहून जवळच, इंकम गावाच्या वर. बाई मोनोस्कीवर बसत. खोलगट आसन, त्याखाली मोटरसायकलला असतो तसला शॉक ॲब्झॉर्बर, त्याखाली एकच स्की, आणि तोल सांभाळायला दोन्ही हातांत टोकाला छोट्या स्की लावलेल्या कुबड्या. खरी कसोटी डोंगरावर नेणाऱ्या फिरत्या पाळण्यांवर, चेअरलिफ्टवर, बसताना. लिफ्ट चालवणारा वेग कमी करायचा. बाई आसनाखालची तरफ ओढायच्या, आसन उचललं जायचं, मागून येणारा पाळणा बरोबर त्याच्या खाली शिरायचा. दोन्ही बाजूंनी आम्ही दोघं, ‘एक, दोन, तीन’ म्हणत उचलायला. ती वेळ साधली की वर पोहोचेपर्यंत बाई गात असत.

शिकाऊ लोकांना दोन स्कींचं रुंद आसन मिळे आणि मागून एक अनुभवी स्कीअर पट्ट्याने ते आवरत खाली येई. न दिसणाऱ्या मुलीच्या पुढे एकजण आवाज देत जायचा: डावीकडे, डावीकडे, धर, सोड. तिच्याइतकी सुबक वळणं आमच्यातल्या फार थोड्यांना जमत.

दर तासा-दीड तासाने बूट काढून पाय बघायचे, हा नियम मोडलेला कुणालाच खपत नसे. कण्याला इजा झाली की पायाला थंडी कळत नाही, हिमदंश झाला तरी दुखत नाही. म्हणून बोटं पांढरी पडली आहेत का ते डोळ्यांनीच पाहायचं. आसनाखालच्या उशीचंही तसंच. सारखे धक्के बसून त्वचेला जखम झाली तर ती भरायला महिने लागतात. फार्मसीच्या वर्गात जे शिकले त्यातलं पुष्कळ मला आधी त्या लॉजमधल्या बाकावर समजलं होतं.

उन्हाळ्यात स्नेक नदी. वायोमिंगमधल्या आल्पाइनजवळच्या घळीत ‘बिग कहुना’ आणि ‘लंच काउंटर’ असे दोन मोठे उसळे आहेत. जाण्याआधी विद्यापीठाच्या पोहण्याच्या तलावात तराफा मुद्दाम उलटवून सराव व्हायचा. एक गोष्ट पहिल्याच दिवशी बजावली जायची: कुणालाही तराफ्याला बांधायचं नाही. तोल जाऊ नये म्हणून फोमचे ठोकळे लावा, शेजारी माणूस बसवा, मानेला आधार देणारं जॅकेट घाला, पण तराफा उलटला तर माणूस त्यातून सुटलाच पाहिजे. घरच्यांचा पहिला प्रश्न मात्र नदीचा नसे, शौचाचा असे. बसायला भोक असलेली खुर्ची आणि भोवती छोटा तंबू, एवढ्यावर तो सुटायचा.

मे १९९८ मध्ये व्हिटकर एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचल्याची बातमी आली. तारीख २७. पाऊल गमावलेला माणूस तिथे पोहोचण्याची ही पहिलीच वेळ. १९८९ आणि १९९५ मध्ये त्यांना माथा गाठता आला नव्हता. तोवर त्यांनी पोकाटेलो सोडून बरीच वर्षं झाली होती, तरी बाईंनी आम्हा सगळ्यांना घरी बोलावून जेवायला घातलं. पाय गमावलेल्या अरुणिमा सिन्हा २०१३ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचल्या तेव्हा मला ती पंगत आठवली.

एका जानेवारीत रोडिओमध्ये, म्हणजे उधळत्या घोड्यावर टिकून राहण्याच्या खेळात, घोड्यावरून पडलेला एक मुलगा आला होता. इजेला वर्षही झालं नव्हतं. आईने आणून सोडला. तो लॉजच्या कोपऱ्यात पाठ करून बसला, बर्फाकडे बघेना. बाईंनी खुर्ची त्याच्याजवळ नेली, कांद्यांची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः स्कीइंगला निघून गेल्या. दुपारी सूप झालं तेव्हा त्यात त्याने चिरलेले कांदे होते, ओबडधोबड. पुढच्या जानेवारीत मदतीच्या रकान्यात त्याने लिहिलं, ‘लिफ्टवर एक धक्का द्या, बाकी बघतो.’

सप्टेंबरमध्ये रॉस पार्कला प्रस्तरारोहणाची स्पर्धा भरते, पोकाटेलो पंप. गावातच काळ्या बेसॉल्टचा कडा आहे, सुमारे सहा लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. सह्याद्रीच्या मानाने अगदी तरुण दगड, पण हाताला तोच ओळखीचा खरखरीतपणा. कमरेखाली ताकद नसलेले लोक तिथे दोरावर चढतात. दोराला सरकती पकड, तिला हाताने ओढायची दांडी, मध्ये कप्प्या. तिप्पट दोर ओढायचा आणि एक तृतीयांश वजन उचलायचं. त्या मुलाने त्या वर्षी असा आख्खा कडा चढून घेतला. मग माझी पाळी आली तेव्हा त्याची व्हीलचेअर मागे झाडाला बांधली, चढणारा पडला तर दोर अडवणारं बिले डिव्हाइस त्याच्या कमरेच्या हार्नेसला लावलं आणि माझा दोर त्याने धरला. मी मधल्या फुगवट्याखाली अडकले होते. खालून तो ओरडत होता, ‘डावा पाय वर घे, गुडघ्याजवळ खाच आहे, बघ तरी!’ खाच होती.