१८-सी, १८-डी आणि संपादकाचं टेबल

ऑस्ट्रेलियाच्या १९७५ च्या वंशभेद कायद्यात १९९५ साली कलम १८-सी आलं. वंश, रंग, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांमुळे, खाजगीत नव्हे, असं काही केलं की ज्यानं त्या गटातली माणसं दुखावण्याची, अपमानित होण्याची किंवा धास्तावण्याची वाजवी शक्यता आहे, तर ते बेकायदा. हा फौजदारी गुन्हा नाही. तक्रार आधी मानवाधिकार आयोगाकडे जाते, तिथे मिटली नाही तर फेडरल कोर्टात. धर्म या यादीत नाही, हे मेलबर्न-सिडनीतल्या मराठी मंडळींनीही लक्षात ठेवावं.

माध्यमांचा खरा आधार त्याच कायद्याचं कलम १८-डी. वाजवीपणे आणि प्रामाणिक हेतूने केलेलं अचूक वार्तांकन किंवा रास्त टीका त्यामुळे बचावते. पण ‘हे माझं मत आहे’ एवढं म्हणून भागत नाही.

२०११ च्या ईटॉक विरुद्ध बोल्ट निकालात नेमकं हेच झालं. गोऱ्या वर्णाचे आदिवासी सोयीसाठी ती ओळख निवडतात, असं सुचवणारे स्तंभलेखक अँड्र्यू बोल्ट यांचे हेराल्ड सन वृत्तपत्रातले २००९ चे दोन लेख. न्यायमूर्ती ब्रॉमबर्ग यांनी १८-डीचं संरक्षण नाकारलं, कारण तथ्यांच्या चुका, सत्याची मोडतोड आणि चिथावणारी भाषा. स्तंभलेखकासोबत प्रकाशक कंपनीही जबाबदार ठरली आणि निकालाची माहिती देणारी सूचना छापावी लागली.

म्हणून कुणाच्या वंशावर लिहिलेला स्तंभ आला की आधी तथ्यं तपासा: आईवडील कोण, वाढले कुठे, संबंधितांना विचारलं का? विशेषणांना कात्री त्यानंतर.