पेट्रोल पत्र्याआड गेलं तेव्हा

अमेरिकेत शिकागोहून ‘रूट ६६’ हा जुना महामार्ग धरून नैऋत्येला निघालं की ड्वाइट आणि ओडेल ही दोन छोटी गावं लागतात. ओडेलचा १९३२ चा स्टँडर्ड ऑइल कंपनीचा पेट्रोल पंप आणि ड्वाइटचा १९३३ चा टेक्साको कंपनीचा, दोन्ही नीट जपलेले. अशा ठिकाणचं पेट्रोल भरायचं जुनं यंत्र (पुढे ‘पंप’ म्हणजे तेच) हाती लागलं आणि पुन्हा मूळ रूपात आणायचं असेल, तर या गोष्टी ध्यानात ठेवा.

१९२० च्या दशकातल्या पंपाला माथ्याशी काचेचं नळकांडं असे, बहुधा १० गॅलनचं, म्हणजे सुमारे ३८ लिटर. दांडा हलवून पेट्रोल वर चढवायचं, आतल्या खुणांवर माप बघायचं आणि नळीतून गाडीत उतरवायचं. शिसं मिसळलेलं ‘एथिल’ तर लाल रंगावरून ओळखू येई. पुढे मीटर आलं, पेट्रोल पत्र्याआड गेलं आणि ओळख पटवायचं काम रंग, पाटी आणि डोक्यावरच्या दिव्याच्या गोळ्यावर आलं.

हा गोळा आधी एकसंध दुधी काचेचा होता. नंतर मधे कडं आणि दोन बाजूंना १३.५ इंची चकत्या, अशी तीन भागांची रचना रूढ झाली. चकत्यांचे स्क्रू हातानंच, बेताचे आवळा. जरा जास्त पिळला की काच कडेपासून तडकते. आत मोठ्या वॉटचा जुना बल्ब नको. प्लॅस्टिकचं कडं उष्णतेनं पिवळं पडून वाकतं. छोटा एलईडी पुरतो. कापडी वेष्टणाची जुनी वायर भुगा झालेली असते, ती काढून अर्थिंगची तीनपदरी घाला.

पंप रंगवायला घेताना सगळ्यात आधी आतलं पंपयंत्र, मीटर आणि उरलंसुरलं पेट्रोल बाहेर काढा. वाफ शिल्लक असताना ग्राइंडर लावणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासू नका. दारांच्या पातळ पत्र्यावर जोरात सँडब्लास्टिंग केलं तर पत्रा लहरी धरतो, आणि मग कितीही लांबी (पुट्टी) भरा, उजेडात लाटा दिसतातच. तिथे रंग काढायचं रसायनच बरं. त्यावर एपॉक्सी प्रायमर, मग दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग.

कंपनीचं चित्र पाण्यात भिजवून सरकवायचं असतं. घाई इथेच नडते: रंग वरून सुकला तरी आतून द्रावक सुटत राहतो आणि चित्राखाली बुडबुडे येतात. निदान आठवडाभर थांबा, थंडीत त्याहून जास्त. पृष्ठभागावर साबणाचा थेंब टाकलेलं पाणी लावा, चित्र जागेवर सरकवा आणि रबरी पट्टीनं मधून कडेला पाणी काढा.

मीटरच्या आकड्यांसमोरच्या काचेवरची अक्षरं मागून छापलेली असतात. मागची बाजू थिनरनं पुसलीत की अक्षरंही गेली. तिथे कोरडा मऊ ब्रश.

काळाचा मेळ मात्र फार जण घालत नाहीत. टेक्साकोचं ‘स्काय चीफ’ हे पेट्रोल १९३८ चं. त्याचं चित्र त्याआधीच्या, काचेच्या नळकांड्याच्या पंपावर चिकटवलेलं सर्रास दिसतं, आणि जाणकाराला खटकतं. टेक्साकोच्या जुन्या एनॅमल पाट्यांच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख असते, अमेरिकी रीतीनं आधी महिना. ती वाचूनच पाटी घ्या.

दराच्या खिडकीत मात्र ९९.९ सेंटच्या वरचा आकडा बसवायला जाऊ नका. जुन्या यंत्रात तेवढीच घरं होती. १९७० च्या दशकाअखेर दर डॉलरपार गेला तेव्हा कित्येक पंपांवर निम्माच दर लावून ‘रक्कम दुप्पट धरा’ अशी सूचना चिकटवली होती.