चपटा कृमी नवा वाटतोय? आधी तो पक्व आहे का ते बघा

हाजी अली, वरळी, कार्टर रोड. ओहोटीला खडकांवर फिरणाऱ्या मंडळींचे फोटो आता सतत येतात आणि त्यांत एखादा समुद्री चपटा कृमी हमखास असतो. खाली प्रश्नही ठरलेला: ही नवी प्रजाती आहे का? फोटोवरून याचं उत्तर देता येत नाही. पॉलिक्लॅड गटात, म्हणजे याच समुद्री चपट्या कृमींत, जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) आणि कुळ मुख्यतः ठरतं ते पोटाकडच्या बाजूला, मधल्या रेषेवरच्या जेमतेम एक-दोन मिलिमीटर भागातल्या नर-मादी जननेंद्रियांवरून. ती पूर्ण वाढलेली नसतील, तर कितीही देखणा नमुना नव्या प्रजातीच्या शास्त्रीय वर्णनाला निरुपयोगी. म्हणून सगळं काम शेवटाकडून आखायचं. स्लाइडवर काय दिसायला हवं ते आधी पक्कं करायचं आणि मगच दगड उलटायचा.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबईत भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. म्हणजे सगळ्यात खालचा खडक उघडा पडतो तो सकाळ-संध्याकाळ सहाच्या आगेमागे, अर्धवट उजेडात. हेडलाइट हवाच. दगड उलटला की होता तसा परत ठेवायचा, नाहीतर खालचं सगळं उन्हात मरतं. प्रवाळाला हात लावायचा नाही. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

कृमी चिमट्यानं कधीच उचलू नये, तो फाटतो. ड्रॉपरनं कडेखाली पाण्याची हलकी पिचकारी मारायची, कड सुटली की मऊ ब्रशनं डब्यात ओढून घ्यायचा. एका डब्यात एकच. त्रासलेला कृमी चिकट स्राव सोडतो आणि बघता बघता विरघळायला लागतो. एका डब्यात चार ठेवले तर चारही जातात. आपल्याकडच्या उन्हात डब्यातलं पाणी पटकन तापतं, म्हणून डबे आइसबॉक्समध्ये, पण बर्फ टॉवेलात गुंडाळून.

जिवंतपणीच फोटो काढायचे, कारण फॉर्मालिनमध्ये रंग जातो. पाठीचा फोटो सगळेच काढतात, खरा उपयोगी असतो तो पोटाचा. कृमीला काचेच्या बशीत चालू द्या आणि बशीखालून टिपा, सोबत मोजपट्टी. मादी जननछिद्रामागे चूषक (चिकटून राहायची वाटी) दिसला तर कॉटिलिया हा उपगट, नसला तर बहुतेक अकॉटिलिया हा दुसरा. रंगीत कृमींमध्ये नर छिद्र एक आहे की दोन हेही इथेच कळतं: स्यूडोसेरॉस या जीनसमध्ये एक, स्यूडोबायसेरॉसमध्ये दोन. पाठीवरच्या नक्षीवरून हा फरक कळत नाही. छिद्रं ठळक दिसत असतील, शुक्रवाहिन्यांच्या पांढऱ्या वळ्या किंवा अंडी दिसत असतील, तर नमुना पक्व आहे. नसतील तर फोटो काढा आणि त्याला जिथून आणला तिथे सोडून या.

डीएनएसाठीचा तुकडा फॉर्मालिनच्या आधी कापायचा. मागच्या बाजूच्या कडेचे दोन-तीन मिलिमीटर पुरतात. पुढची कड नको, तिथे डोळे आणि टेंटॅकल (स्पर्शिका) असतात. तुकडा ९५ टक्क्यांहून तीव्र इथेनॉलमध्ये, दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदलून उणे २० अंशांवर. आतड्याच्या फांद्या जवळजवळ कडेपर्यंत पोचतात, म्हणून आधी एक दिवस उपाशी ठेवलेला बरा. नाहीतर डीएनए सीक्वेन्स हाती येतो तो त्यानं खाल्लेल्या असिडियनचा (खडकाला चिकटून राहणारा पिशवीसारखा प्राणी) किंवा कालवाचा.

आता सगळ्यात नाजूक टप्पा. कृमी थेट अल्कोहोलमध्ये टाकला तर गुंडाळतो, घसा बाहेर फेकतो आणि मधली रेषा कायमची वाकडी होते. त्यासाठी गोठवलेलं फॉर्मालिन वापरतात. बाजारातलं फॉर्मालिन म्हणजे सुमारे ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड. त्याचा १ भाग आणि गाळलेल्या समुद्राच्या पाण्याचे ९ भाग मिसळून पेट्री डिशमध्ये गोठवायचे (खाण्याच्या फ्रिजमध्ये अजिबात नाही, हातमोजे आणि उघड्या खिडक्या हव्यातच). कृमी ओल्या फिल्टर पेपरवर पसरून चालू लागला की पेपरसकट त्या गोठलेल्या थरावर सरकवायचा आणि लगेच वरून तेच मिश्रण ब्रशनं फिरवायचं. क्षण गाठता आला पाहिजे. आकसलेला असताना ठेवला तर तसाच आकसलेला राहतो. हवा गरम असेल तर डिश काही मिनिटांतच पाझरते, म्हणून दोन-तीन तयार ठेवा. चोवीस तासांनी धुऊन ७० टक्के इथेनॉलमध्ये.

पुढे छिद्रं असलेला मधला भाग कापून पॅराफिनमध्ये बसवायचा आणि उभे, म्हणजे मधल्या रेषेला समांतर छेद घ्यायचे. ७ मायक्रॉनचा छेद धरला तर १ मिलिमीटर रुंदीत सुमारे १४० छेद होतात, आणि त्यांतला एकही गाळायचा नाही. शिश्नाच्या काट्याचं टोक चार-पाच छेदांत संपतं. तेवढ्या छेदांची पट्टी तुटली की प्रजातीचं लक्षणच गेलं. पावसाळ्यात मुंबईत एक अडचण ठरलेली: शंभर टक्के अल्कोहोल हवेतला ओलावा ओढतं आणि झायलीनमध्ये (मेणाच्या आधीचं द्रावण) नमुना दुधाळ होतो. तसाच पुढे नेला तर मेणात पोकळ्या राहतात. परत ताज्या अल्कोहोलमध्ये न्यायचा, दुसरा उपाय नाही. छेद घेताना ब्लॉकवर बर्फ ठेवला की पट्टी चिकटत नाही.

स्लाइडवर शुक्राच्या वाटेनं चालत जा. शुक्रवाहिनी, शुक्राशय, प्रोस्टेट पिशवी, शिश्न. शुक्र प्रोस्टेट पिशवीतूनच पुढे जातात, की पिशवी बाजूला वेगळी राहून नळीला येऊन मिळते? पॉलिक्लॅडची दोन वर्गीकरणं वापरात आहेत: फॉबेलच्या वर्गीकरणात यावर बरंच काही ठरतं, तर प्रूडहोच्या वर्गीकरणात डोळे आणि टेंटॅकलना जास्त वजन आहे. दोन्ही लक्षणं नोंदवा, म्हणजे उद्या मांडणी बदलली तरी वर्णन टिकेल. मादी बाजूला लँगची पिशवी (योनीच्या आतल्या टोकाची पिशवी) आहे का, केवढी, तेही बघा. योनीची वळणं आणि पोकळीची खोली यांवर मात्र एकट्या नमुन्यावरून भर देऊ नका, ती आकसण्यानं बदलतात. किमान दोन पक्व नमुन्यांचे छेद हवेत.

सीक्वेन्सबद्दल दोनच गोष्टी. २८एस हा जनुक सावकाश बदलतो, त्यामुळे तो जुळला म्हणजे प्रजाती एकच असं सिद्ध होत नाही. सीओआय हा मायटोकॉन्ड्रियातला जनुक चपट्या कृमींमध्ये नेहमीच्या प्रायमरनं (प्रत काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) बऱ्याचदा मिळत नाही, आणि मिळाला तर प्रथिनात भाषांतर चपट्या कृमींच्या मायटोकॉन्ड्रियल कोडनं, म्हणजे तक्ता ९ नंच करायचं. पृष्ठवंशीयांच्या तक्त्यात एजीए हा तीन अक्षरी संकेत म्हणजे थांबा, इथे तो सेरीन (एक अमिनो आम्ल) आहे. चुकीच्या तक्त्यामुळे चांगला सीक्वेन्स खराब समजून फेकला जातो.

तुलना करताना फक्त हिंदी महासागराच्या याद्या बघून थांबू नका. मुंबई बंदर आणि न्हावाशेवा इथे जगभरची जहाजं येतात, आणि तळाला चिकटलेल्या शिंपल्या-कालवांबरोबर चपटे कृमीही प्रवास करतात. आपल्याला ‘नवा’ वाटणारा कृमी दूरच्या किनाऱ्यावर शंभर वर्षांपूर्वी वर्णन झालेला असू शकतो. जीनसमधल्या प्रत्येक प्रजातीचं मूळ वर्णन वाचून तक्ता करणं कंटाळवाणं असतं, पण माझ्या मते संशोधन खरं इथेच होतं.

नावाचं काम त्यामानानं सोपं. जीनसच्या नावाशी लिंग जुळवा: स्यूडोसेरॉसला मुंबईएन्सिस चालेल, प्रोस्थिओस्टोमम नपुंसकलिंगी असल्यामुळे तिथे मुंबईएन्से. होलोटाइप (ज्या एका नमुन्यावर नाव टिकतं तो) नेमका कोणता आणि कुठल्या संग्रहात ठेवला ते लेखात स्पष्ट हवं, आणि लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर आधी झूबँकमध्ये (प्राण्यांच्या नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंदणी, तिचा उल्लेख लेखातच. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या प्रजातीची माहिती आणि नमुने नेमलेल्या संग्रहाकडे द्यावे लागतात. प्राण्यांसाठी त्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था आहे. स्लाइडचा पूर्ण संच क्रमांकानुसार द्या, उरलेला मेणाचा ब्लॉकही द्या. बाटलीतली चिठ्ठी शिसपेन्सिलीनं लिहा, बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये धुऊन जाते.