शार्कच्या बाजूने

आज दिवसभर शार्कविषयी वाचत होते आणि एक आकडा काही केल्या डोक्यातून जात नाहीये. १९७० पासून खुल्या महासागरातले शार्क आणि त्यांचे चपटे नातलग रे (पाकट) मासे ७१ टक्क्यांनी घटलेत. अवघ्या अर्ध्या शतकात! झाडांच्याही आधीपासून पृथ्वीवर असलेला हा जीव.

जास्त अस्वस्थ केलं ते त्यांच्या संथ वाढीने. कित्येक मासे लाखोंनी अंडी घालतात. शार्कची मादी मात्र वयात यायलाच बरीच वर्षं घेते आणि पिल्लंही मोजकीच. ग्रीनलंड शार्कची मादी तर साधारण दीडशे वर्षांची झाल्यावर! अशी एक मादी गेली की तिची जागा कोण आणि कधी भरणार? काही परांसाठी मारले जातात, काही यकृतातल्या तेलासाठी, आणि खूपसे ट्यूनासाठी लावलेल्या गळांना नुसतेच अडकून मरतात.

उपाय आहेत. गळाला तारेऐवजी नायलॉनची दोरी लावली तर शार्क ती तोडून सुटू शकतो. इतकं साधं! पलाऊ या प्रशांत महासागरातल्या छोट्या बेटांच्या देशाने २००९ मध्ये आपला सगळा समुद्रच शार्कसाठी राखीव केला. आणि आपण? क्रीमवर ‘स्क्वालेन’ (शार्कच्या यकृतातल्या तेलातूनही मिळणारा घटक) दिसलं, तर ते वनस्पतीपासून काढलंय का हे घेण्याआधी बघा. नसेल तर ठेवून द्या.