कपिलची मांडी, विहारीची शीर आणि रविवारचं क्रिकेट

मार्च ते सप्टेंबर हा मेलबर्नमध्ये फुटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा मोसम. त्या महिन्यांत दर आठवड्याला इंज्युरी लिस्ट येते आणि ऑफिसातली मंडळी ती आपल्याकडे दहावीचा निकाल पाहावा तशी पाहतात. खेळाडूचं नाव, पुढे दुखापत, त्यापुढे किती आठवडे. ‘टेस्ट’ लिहिलं असेल तर सामन्याआधी पळवून बघणार. ‘सीझन’ लिहिलं की विषय संपला. ‘कंकशन’, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला धक्का, असेल तर किमान बारा दिवस बाहेर. सामने साधारण आठवड्याला एक असतात, त्यामुळे एक तरी सामना हुकतोच, खेळाडूला कितीही ठणठणीत वाटत असलं तरी.

या दुखण्यांना लाडाची नावंही आहेत. हॅमस्ट्रिंगला, म्हणजे मांडीमागच्या स्नायूला, ‘हॅमी’. मांडीवर समोरच्याचा गुडघा आदळून स्नायू ठेचला गेला की ‘कॉर्की’. आणि ‘ही डिड हिज नी’ म्हणजे गुडघ्यातला एसीएल नावाचा लिगामेंट, हाडांना जोडणारा पट्टा, तुटला. शस्त्रक्रिया, नवा लिगामेंट बसवणं आणि नऊ ते बारा महिने घरी.

हे कानावर पडत असताना एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, जाऊन बसलं की आपल्या आठवणीतले सामने वेगळेच दिसायला लागतात. फेब्रुवारी 1981. भारताविरुद्ध ऑस्ट्रेलियाला जिंकायला 143 हव्या होत्या. कपिल देवची मांडी दुखावलेली, दिलीप दोशीच्या पायाचं हाड मोडलेलं. घावरीने ग्रेग चॅपलला पहिल्याच चेंडूवर उडवलं, शेवटच्या दिवशी कपिल वेदनाशामक इंजेक्शन घेऊन उतरला, 28 धावांत 5 बळी, ऑस्ट्रेलिया सर्वबाद 83. चेंडू खाली राहत होता, त्यामुळे कपिलने वेग सोडून नुसता यष्टींचा नेम धरला. दुखऱ्या मांडीला परवडणारी गोलंदाजी तीच होती आणि खेळपट्टीला हवी असलेलीही तीच. आपल्याकडे ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात, पण त्यात खेळपट्टीचा वाटाही मोठा होता.

इथल्या जुन्या लोकांची अशी आठवण म्हणजे ऑस्ट्रेलियाचा सलामीवीर रिक मॅकॉस्कर. याच मैदानावर 1977 ची शतकमहोत्सवी कसोटी. इंग्लंडच्या बॉब विलिसच्या चेंडूने जबडा मोडला, तरी दुसऱ्या डावात डोक्याभोवती पट्ट्या बांधून तो दहाव्या क्रमांकावर आला. 25 धावा केल्या, लिलीबरोबर 54 जोडल्या. ऑस्ट्रेलिया जिंकली ती 45 धावांनी. हिशेब ज्याचा त्याने करावा.

आताच्या पिढीची आठवण सिडनीची, 11 जानेवारी 2021. हनुमा विहारी चोरटी धाव घेताना हॅमस्ट्रिंग धरून थांबला आणि मग जवळजवळ एका पायावर खेळत राहिला, एकूण 161 चेंडूंत नाबाद 23. समोर पाठ धरलेला अश्विन, नाबाद 39. आत अंगठा निखळलेला जडेजा पॅड बांधून तयार. पुढच्या कसोटीत, ब्रिस्बेनच्या गॅबावर, पालघरचा शार्दूल ठाकूर खेळला. त्याची पहिली कसोटी हैदराबादला 2018 मध्ये झाली होती. दहा चेंडू टाकले आणि जांघेतला स्नायू दुखावून तो बाहेर. दोन वर्षांनी गॅबावर 67 धावा आणि सात बळी. सगळे विहारीचं नाव घेतात. दुखापतीतून नीट बरा होऊन परतलेला शार्दूल मला तितकाच मोठा वाटतो.

चोरटी धावच का घात करते? पळताना पाऊल जमिनीला टेकण्याच्या जरा आधी मांडीमागचा स्नायू पूर्ण ताणलेला असतो आणि त्याच क्षणी त्याला पुढे जाणारा पाय रोखायचा असतो. ताणलेलं असताना जोर लावायचा, तिथेच तो फाटतो. त्यात आपलं रविवारचं क्रिकेट म्हणजे पाऊण तास खुर्चीत बसून आपली पाळी आली की थेट स्प्रिंट. हलकी फाट एक ते तीन आठवडे घेते, मधली चार ते आठ, पूर्ण तुटली तर तीन महिने किंवा जास्त. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं, असं धरून चालणाऱ्यांचं दुसऱ्यांदा जातं आणि ते पहिल्यापेक्षा मोठं असतं.

यावर नॉर्डिक नावाचा व्यायाम आहे. घरी ओटीवर सतरंजी घालूनही होतो. गुडघ्यांखाली जाड काहीतरी घ्या, मागे कुणाला तरी घोटे घट्ट दाबून धरायला सांगा. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकत जा. तोल सुटेल तिथे हातांवर पडा आणि हातांनीच रेटून वर या. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाच-पाचचे दोन सेट. दुसऱ्यात दोन दिवस, सहा-सहाचे. तिसऱ्यापासून आठवड्यात तीन दिवस, तीन सेट, आकडा दहापर्यंत वाढवत. कंबरेत वाकलात की फायदा गेला, आणि सगळे चुकतात ते तिथेच. पहिल्या आठवड्यात मांड्या चांगल्याच भरून येतात. म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी हा प्रकार नको.

आता कॉर्की. इथे आपला घरगुती स्वभाव आडवा येतो. मुका मार लागला की तेल गरम करून चोळायचं, मग वरून शेक, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं. ठेचलेल्या मांडीला पहिले दोन-तीन दिवस चोळणं आणि शेकणं दोन्ही वर्ज्य. आत रक्त साकळलेलं असतं, चोळून ते आणखी पसरतं, आणि वाईट नशीब असेल तर त्या जागी स्नायूत हाड धरायला लागतं. इथले ट्रेनर काय करतात? गुडघा सोसेल तितका वाकवून ठेवतात, टाच ढुंगणाच्या दिशेने, आणि तशा ताणलेल्या मांडीवर बर्फ. वीस मिनिटं, दर दोन तासांनी, मध्ये कापड. पाय सरळ ठेवून झोपलात तर सकाळी गुडघा वाकत नाही. आणि सामन्यानंतरची बिअर त्या दिवशी राहू द्या.

डोक्याच्या बाबतीत ऑस्ट्रेलिया फारच बदलली. जानेवारी 1981 मध्ये सिडनीला शिवाजी पार्कच्या संदीप पाटीलच्या कानावर ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज पास्कोचा चेंडू बसला, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. पुढच्याच कसोटीत, ॲडलेडला, त्याने 174 ठोकल्या. आपण ती खेळी अजून मिटक्या मारत सांगतो आणि सांगावीच. पण नोव्हेंबर 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूजेस चेंडू लागून गेला तो हेल्मेट घालूनच. चेंडू हेल्मेटच्या खाली, मानेवर लागला होता. ऑक्टोबर 2023 पासून इथल्या व्यावसायिक खेळाडूंना वेगवान गोलंदाजीसमोर मानेचं गार्ड सक्तीचं आहे. रविवारच्या खेळाडूनेही ते हेल्मेटला लावून घ्यावं. दोन मिनिटांचं काम.

शेवटी बोट, कारण टेनिस बॉलवर वाढलेली आपली माणसं पस्तिशीनंतर इथे पहिल्यांदा सीझन बॉल झेलायला जातात. चेंडू बोटाच्या टोकावर आदळतो, शेवटचं पेर खाली लोंबतं आणि स्वतःहून सरळ होत नाही. फारसं दुखत नाही, म्हणून लोक सोडून देतात. एक्स-रे काढायचा आणि टोक सरळ ठेवणारी स्प्लिंट सहा ते आठ आठवडे, अंघोळीतसुद्धा. स्प्लिंट धुवायला काढताना बोट टेबलावर सपाट दाबून धरा. एकदा जरी टोक खाली पडलं तरी मोजणी पहिल्या दिवसापासून. आणि मैदानात उतरण्याआधी अंगठी काढून बॅगेत टाका. सूज चढली की ती कापूनच काढावी लागते.