एवढे मोठे विमान ऐंशी वर्षे सापडत नाही, असे कसे?

पुण्यातल्या गिर्यारोहकांसमोर 'हंप' या दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई मार्गाविषयी बोललो की हा प्रश्न हमखास येतो: उपग्रहांच्या काळात चार इंजिनांचे विमान दडून राहतेच कसे? तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

1942 मध्ये जपानने ब्रह्मदेशाचा रस्ता तोडल्यावर चीनची रसद आसामातील चाबुआ, दिंजान अशा धावपट्ट्यांवरून हवाई मार्गाने चीनमधील कुनमिंगला जाऊ लागली. वाटेतल्या, अरुणाचलापासून पुढे पसरलेल्या पर्वतरांगांना वैमानिक 'हंप' म्हणत. 1945 पर्यंत सुमारे साडेसहा लाख टन माल पोहोचला आणि जवळपास सहाशे विमाने गमावली गेली. तिथले वारे ताशी दीडशे किलोमीटरच्याही वर जात, आणि ढगात शिरलेले विमान आपल्या मार्गापासून किती ढकलले गेले हे आतल्या माणसांनाच कळत नसे. मग त्यांचा शोध घेणाऱ्यांना ते कुठून कळणार? लिबियात हेच घडले. 1943 मध्ये 'लेडी बी गुड' हे बॉम्बफेकी विमान रात्री परतताना स्वतःच्या तळाच्या डोक्यावरून पुढे निघून गेले, ते समुद्रात पडले असे धरले गेले, आणि 1958 मध्ये तेलाच्या शोधात फिरणाऱ्यांना ते भर वाळवंटात, उघड्यावर दिसले.

अरुणाचलात तर उघडे असे काही उरत नाही. डोंगरावर आदळलेल्या विमानाचे तुकडे उतारावर विखुरतात आणि त्यांवर बांबू आणि वेली माजतात. ताम्हिणीत एका पावसाळ्यात कारवी मळलेली वाट कशी बुजवते, हे तुम्हाला सांगायला नको. उपग्रहाला वरून दिसतो तो झाडोरा.

म्हणून हे अवशेष सापडतात ते बहुधा माणसांना विचारून. क्लेटन कुहल्स हे अमेरिकन गिर्यारोहक वर्षानुवर्षे गावोगावच्या शिकाऱ्यांना विचारत हिंडले, कारण शिकारीला दूरवर जाणाऱ्यांना अशा जागा ठाऊक असतात. 25 जानेवारी 1944 रोजी कुनमिंगहून चाबुआला येताना आठ जणांसह नाहीसे झालेले 'हॉट ॲज हेल' हे चार इंजिनांचे बी-24 बॉम्बफेकी विमान त्यांना 2006 मध्ये अरुणाचलातल्या 'आदी' जमातीच्या दामरो गावाच्या वरच्या डोंगरात मिळाले. ओळख पटवण्याचे काम मात्र कागदांचे आहे. विमान बेपत्ता झाल्यावर लिहिल्या गेलेल्या लष्करी अहवालांत इंजिनांचे आणि मशीनगनचेही क्रमांक असत. अवशेषांतल्या एखाद्या पट्टीवरचा क्रमांक त्यांच्याशी जुळला की त्या आठ जणांची नावे समोर येतात. त्यांपैकी एका लेफ्टनंटच्या अस्थींची ओळख पटून 2017 मध्ये जॉर्जियातील त्याच्या गावी दफन झाले.

तुमच्यातल्या ज्यांना तिकडे जायचे आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. इनर लाइन परमिट (अरुणाचलात शिरण्याचा परवाना) काढा, गावबुढ्यांची म्हणजे गावप्रमुखांची परवानगी घ्या, सोबत गावातलाच वाटाड्या न्या. अवशेष दिसले तर क्रमांकाचे छायाचित्र घ्या, पण एकही तुकडा उचलू नका. तिथे अजून कोणाच्या तरी अस्थी असू शकतात, आणि कोणता तुकडा कुठे पडला आहे यावरूनच पुढच्या पथकाला त्या शोधायच्या असतात.